लाव्हाझिए : तराजू आणि मक्ता

आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणारा आंत्वान लाव्हाझिए ८ मे १७९४ रोजी पॅरिसमध्ये गिलोटिनखाली मारला गेला. त्याच्यावरील आरोपाचा त्याच्या संशोधनाशी काडीचाही संबंध नव्हता. राजाच्या करवसुलीचा मक्ता घेणाऱ्या कंपनीचा तो भागीदार होता. तिच्या २८ भागीदारांना एकाच खटल्यात दोषी ठरवून त्याच दिवशी वधस्थानी नेण्यात आले. क्रांतीच्या उन्मादाने एका निष्पाप शास्त्रज्ञाचा बळी घेतला, अशी ही कथा सामान्यतः सांगितली जाते. ती असत्य नाही. परंतु अपुरी आहे.

लाव्हाझिएचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिसमधील एका सुखवस्तू वकिलाच्या घरी झाला. त्याने कायद्याची पदवी घेतली, पण मन रमले ते विज्ञानात. १७६८ हे वर्ष त्याच्या आयुष्यात निर्णायक ठरले. त्या वर्षी, अवघ्या पंचविशीत, तो विज्ञान अकादमीचा सदस्य झाला आणि त्याच वर्षी वारशाने मिळालेला पैसा गुंतवून त्याने करवसुलीच्या मक्त्यात हिस्सा विकत घेतला. पुढील सर्व कीर्ती आणि अखेरचा सर्वनाश या दोहोंचे बीज त्या एका वर्षात आहे.

उत्तर पेशवाईतील इजारापद्धतीशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना या मक्त्याचे स्वरूप समजण्यास अडचण पडणार नाही. मीठ, तंबाखू आणि शहरांत येणारा माल यांवरील कर वसूल करण्याचा हक्क राजा सहा वर्षांच्या कराराने या कंपनीस देई. ठरलेली रक्कम सरकारात भरावयाची. वर उरेल तो भागीदारांचा नफा. राजाला पैसा हमखास मिळे आणि वसुलीची कटकट टळे. भार पडे तो रयतेवर. मिठाचा भाव प्रांतागणिक वेगळा असे, आणि कित्येक प्रांतांत प्रत्येक कुटुंबाला ठराविक मीठ विकत घेणे सक्तीचे होते. कंपनीच्या सशस्त्र पहारेकऱ्यांना घरांची झडती घेण्याची मुभा होती. साहजिकच फ्रान्समध्ये या मक्तेदारांइतका तिरस्कार क्वचितच कोणाच्या वाट्याला आला.

या उत्पन्नातूनच लाव्हाझिएची प्रयोगशाळा उभी राहिली. १७७१ मध्ये त्याने ज्याक पोल्झ या सहकारी मक्तेदाराच्या तेरा वर्षांच्या मुलीशी, मारी-आनशी, विवाह केला. तिने इंग्रजी शिकून शास्त्रीय ग्रंथांची भाषांतरे केली आणि उपकरणांच्या आकृत्या रेखाटल्या. लाव्हाझिएने त्या काळातील सर्वोत्कृष्ट तराजू करवून घेतले. क्रियेपूर्वी जेवढे द्रव्य तेवढेच क्रियेनंतर असले पाहिजे, हा त्याच्या प्रयोगांचा आधार होता. ज्वलनात पदार्थातून फ्लॉजिस्टन नावाचे तत्त्व बाहेर पडते, असे तेव्हा मानले जाई. त्याने बंद पात्रात बारा दिवस पारा तापविला आणि हवेचा जो भाग घटला, तो तांबड्या भस्मातून पुन्हा मिळविला. हवेतील एक वायू पदार्थाशी संयोग पावतो, हेच ज्वलन, हे त्यातून सिद्ध झाले. तो वायू इंग्लंडमध्ये प्रीस्टलीने आधी वेगळा केला होता आणि लाव्हाझिएने त्याचे ऋण पुरेसे मान्य केले नाही. परंतु त्याचा अर्थ लावला तो लाव्हाझिएने, आणि त्याला ऑक्सिजन हे नावही त्यानेच दिले. १७८९ च्या त्याच्या ग्रंथात ३३ मूलद्रव्यांची यादी आहे.

मक्तापद्धतीचे दोष त्याला दिसत नव्हते असे नाही. १७७५ मध्ये अर्थमंत्री त्युर्गोने बंदुकीच्या दारूचा खाजगी मक्ता मोडून तो कारभार सरकारी मंडळाकडे सोपविला आणि त्यावर लाव्हाझिएची नेमणूक केली. थोड्याच वर्षांत उत्पादन वाढले. मक्त्याऐवजी सरकारी व्यवस्था जनतेला आणि राज्यालाही हितकारक ठरते, याचा पुरावा त्याने स्वतःच निर्माण केला होता. तरीही मिठातंबाखूच्या मक्त्यातील हिस्सा त्याने सोडला नाही. उलट, जकात चुकवून होणारी मालाची आयात थांबविण्यासाठी पॅरिसभोवती तट बांधण्याची सूचना त्याने केली. सुमारे २४ किलोमीटरचा तो तट उभा राहिला. आणि जुलै १७८९ मध्ये बास्तीय पडण्यापूर्वीच जमावाने त्याची नाकी जाळली.

व्यक्ती म्हणून मात्र तो लोभी नव्हता. तंबाखूतील भेसळीविरुद्ध त्याने मोहीम चालविली, दुष्काळात ब्लवा नगराला धान्यखरेदीसाठी बिनव्याजी पैसे दिले, आपल्या शेतीवर सुधारणांचे प्रयोग केले. १७९१ मध्ये फ्रान्सच्या भूसंपत्तीवरील त्याचा अहवाल राष्ट्रसभेने छापविला. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्याचे स्थान मोठे आहे. मेट्रिक मापपद्धतीच्या कामातही तो होता. परंतु त्याच वर्षी मक्ता रद्द झाला आणि हिशेबाची मागणी सुरू झाली. १७८० मध्ये त्याने ज्याचे अग्नीविषयक संशोधन अमान्य केले होते, तो मारा आता क्रांतीचा प्रभावी पत्रकार होता. त्याने लाव्हाझिएवर उघड हल्ला चढविला. नोव्हेंबर १७९३ मध्ये अटकेचा हुकूम निघाल्यावर लाव्हाझिए स्वतः स्वाधीन झाला. भेसळीविरुद्ध झगडलेल्या या माणसावर तंबाखूत पाणी मिसळल्याचाही आरोप होता. सासरा आणि जावई एकाच दिवशी मारले गेले.

हा न्याय नव्हता. एका संस्थेच्या पापाची शिक्षा वैयक्तिक चौकशीवाचून सरसकट देणे, हे कोणत्याही राज्यव्यवस्थेला लांच्छनच आहे. पुढच्याच वर्षी सरकारने जप्त मालमत्ता त्याच्या विधवेला परत केली, यातच त्या शिक्षेची किंमत कळते. पण म्हणून मूळ प्रश्न संपत नाही. प्रामाणिक, कर्तबगार माणूस अन्याय्य व्यवस्थेत शिरला म्हणजे ती व्यवस्था न्याय्य होत नाही. फक्त तिचे आयुष्य वाढते. तिच्या उत्पन्नातून उत्तम विज्ञान घडले, तरी मिठाच्या सक्तीने पिचलेल्या कुटुंबाच्या खाती त्यातले काही जमा होत नाही. मक्ता वेळीच मोडला असता, तर रयतही वाचली असती आणि कदाचित लाव्हाझिएही. करपद्धतीतील सुधारणा लांबणीवर टाकणाऱ्या राज्यकर्त्यांना त्या दिरंगाईचा हिशेब अखेर द्यावाच लागतो. दुर्दैव एवढेच की तो चुकता करताना दोषी आणि निर्दोष यांची निवड करण्याइतका धीर कोणापाशी उरलेला नसतो.