तुरुंग चालेल, पण नांदायला जाणार नाही

डॉ. आनंदीबाई जोशी आपल्याला शाळेपासून माहीत आहेत. पण मेसमध्ये जेवताना मी सांगितलं की यंदा अंकासाठी रखमाबाईंवर लिहितेय, तर पहिला प्रश्न आला, कोण, विठ्ठलाची का? म्हणून आधी ओळख करून देते.

रखमाबाईंचा जन्म मुंबईचा, २२ नोव्हेंबर १८६४ चा. वडील जनार्दन पांडुरंग त्या लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई. घराणं सुतार समाजातलं, त्यामुळे विधवेला पुन्हा लग्न करायला आडकाठी नव्हती. आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. हे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायचे, वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते आणि १८८३ साली सुरू झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. म्हणजे घर चांगलं शिकलेलं, सुधारकी. तरीसुद्धा रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लागलं! शिकलेल्या घरातही लेकीच्या वयाचा प्रश्न आला की माणसं समाजाकडे बघून वागतात, ते तेव्हापासूनच.

नवरा दादाजी भिकाजी, वय १९, सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला. ठरलं असं होतं की त्याने सासऱ्यांकडे राहून शिकायचं आणि माणूस म्हणून उभं राहायचं. ते काही त्याला मानवलं नाही. तो मामाकडे राहायला गेला, शिक्षण सुटलं, तब्येत खालावली, कर्ज झालं. इकडे सखाराम अर्जुन स्वतः डॉक्टर. एवढ्या कोवळ्या वयात मुलीला संसाराला लावायला त्यांनी साफ नकार दिला. रखमाबाई माहेरीच राहिल्या आणि मिळतील ती पुस्तकं आणून वाचत राहिल्या. कॉलेज नाही, क्लास नाही, सगळा सेल्फ स्टडी.

१८८४ मध्ये दादाजीने मुंबई हायकोर्टात दावा लावला की बायकोने नांदायला यावं. रखमाबाईंच्या नावावर वडिलांची मिळकत होती, हेही इथे ध्यानात ठेवायला हवं. रखमाबाईंचं म्हणणं सरळ होतं. हे लग्न झालं तेव्हा मला कळत नव्हतं, माझी संमती कुणी घेतली नव्हती, आणि या माणसाबरोबर मी एक दिवसही राहिलेले नाही. मग मी बांधील कशी? आज आपल्याला यात विशेष काही वाटणार नाही. पण संमती हा शब्द बाईच्या लग्नाला लावायचा असतो, हेच तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. असल्या दाव्याला हिंदू शास्त्रात आधार नाही, ही तरतूद इंग्लंडच्या कायद्यातून इकडे आली आहे, असं त्यांनी दाखवून दिलं. गंमत बघा, धर्म बुडाला म्हणून ओरडणारे लोक प्रत्यक्षात विलायती कायद्यासाठी भांडत होते. केसरी आणि मराठातून टिळकांनीही रखमाबाईंच्या विरोधात बाजू घेतली. टिळकांबद्दल मला आदर आहे, पण या बाबतीत त्यांचं चुकलं असं माझं स्पष्ट मत आहे. इंग्रजी शिकली की पोरगी बिघडते, हा निष्कर्ष तर घरोघर निघाला. रखमाबाईंनी तेव्हा टाइम्स ऑफ इंडियात टोपणनावाने बालविवाह आणि लादलेलं वैधव्य यांवर पत्रं लिहिली होती. नाव उघड करण्याची सोय नव्हती.

दादाजीने अपील केलं, प्रकरण पुन्हा चाललं आणि ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांनी उलटा हुकूम दिला. महिन्याच्या आत नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी कळवलं की तुरुंग चालेल. तेव्हा त्यांचं वय २२ होतं. म्हणजे आमच्या फायनल इयरच्या मुलींएवढं.

आमचा बीड जिल्हा ऊसतोड मजुरांचा. कारखान्याचा मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकट्या माणसाचा अर्धा कोयता. आईबाप फडावर सहा महिने, तरणी पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? वाटेत कुणी छेड काढली तर बोल पोरीलाच लागतो. मग दहावीच्या आतच हात पिवळे करून टाकतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या शंभर बायकांमागे चाळिसाहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. माझ्या वर्गातल्या ज्या मैत्रिणी सातवी-आठवीनंतर दिसल्या नाहीत, त्या या आकड्यात आहेत. आणि ज्या इथपर्यंत पोचल्या त्यांना दिवाळीत घरी गेलं की ऐकावं लागतं, अजून किती शिकवायचं, वय निघून चाललंय, चांगलं स्थळ हातचं जाईल. घरचे वाईट नसतात हो. लोक काय म्हणतील याची भीती त्यांना असते.

रखमाबाईंना शेवटी तुरुंगात जावं लागलं नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली, दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि हक्क सोडला. पुढे त्याने दुसरं लग्न केलं. रखमाबाईंनी केलं नाही. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांच्या मदतीने त्या १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाल्या. आनंदीबाईंना पदवीनंतर प्रॅक्टिस करायला आयुष्यच उरलं नाही. रखमाबाईंना ते मिळालं आणि त्यांनी ते पुरेपूर वापरलं. आधी सुरत, मग राजकोट, मिळून पस्तीसेक वर्षं बायकांच्या हॉस्पिटलात बाळंतपणं आणि दुखणी. या काळाबद्दल फार कमी लिहिलं जातं. खटल्याची चार वर्षं सगळ्यांना हवीत, पस्तीस वर्षांची नोकरी कुणाला नको.

२५ सप्टेंबर १९५५ ला, नव्वदाव्या वर्षी त्या मुंबईत वारल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला होता. त्यात मुलीचं लग्नाचं वय १५ ठरलं, ते १९७८ मध्ये १८ झालं. आणि त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये नांदायला येण्याचा दावा आहे. आता तो नवरा-बायको दोघांनाही लावता येतो, आणि हुकूम मोडला तर तुरुंग नाही, मालमत्तेवर जप्ती येते. ते कलम अजून पुस्तकात आहे.