विमान पोचवणारी एमी

मेडनहेडहून रेल्वेने रेडिंगकडे जाताना डाव्या हाताला एक मोठं हिरवं मैदान लागतं आणि त्यावर छोटी छोटी विमानं उभी दिसतात. आपल्यातल्या कित्येकांनी ते रोज पाहिलं असेल आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं असेल! हा व्हाइट वॉल्टमचा विमानतळ. दुसऱ्या महायुद्धात एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी, म्हणजे एटीए या संस्थेचं मुख्यालय इथे होतं. कारखान्यातून बाहेर पडलेली किंवा दुरुस्त झालेली लष्करी विमानं हवाई तळांवर नेऊन पोचवायची, हे तिचं काम. एमी जॉन्सन गेली ती याच कामावर असताना.

एमीचा जन्म 1 जुलै 1903 चा, हल शहरातला. वडील मासळीचे व्यापारी. शेफील्डला पदवी घेऊन ती लंडनला एका वकिलाच्या ऑफिसात नोकरीला लागली आणि फावल्या वेळात विमान चालवायला शिकली. पण नुसतं उडवून तिचं समाधान होईना. मेकॅनिक लोकांबरोबर हात काळे करून 1929 साली तिने ग्राउंड इंजिनिअरचं लायसन्सही काढलं. ब्रिटनमध्ये ते मिळवणारी ती पहिली स्त्री!

5 मे 1930 ला ती क्रॉयडनहून एकटीच ऑस्ट्रेलियाला निघाली. ‘जेसन’ नावाचं सेकंडहँड जिप्सी मॉथ विमान, आणि त्याच्या कुशीला बांधलेला एक जादा प्रोपेलर. वाटेत पेट्रोल संपत आलं आणि बाई उतरल्या कुठे, तर आपल्या राणी लक्ष्मीबाईंच्या झाशीला, थेट परेड ग्राउंडवर! मोडका पंख तिथेच दुरुस्त करून घेतला. पुढे रंगूनजवळ विमान खड्ड्यात गेलं, प्रोपेलर तुटला, तेव्हा तो बांधून आणलेला कामी आला. 24 मेला ती डार्विनला उतरली. हे अंतर एकटीने कापणारी पहिली स्त्री म्हणून तिचं नाव जगभर झालं.

1940 साली हीच एमी एटीएत दाखल झाली, तीही आपल्याहून लहान असलेल्या पॉलिन गॉवरच्या हाताखाली. इथे ना विक्रम, ना हारतुरे. विमानात रेडिओ नसे. नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारे रेल्वेचे रूळ यांच्या भरवशावर जायचं, आणि विमान धडपणे दुसऱ्याच्या हवाली करायचं.

5 जानेवारी 1941 ला एअरस्पीड ऑक्सफर्ड जातीचं ट्रेनिंगचं विमान घेऊन ती ब्लॅकपूलहून किडलिंग्टनला निघाली. हवा अतिशय खराब होती. काही तासांनी ती पॅराशूटने थेम्सच्या मुखाशी गोठवणाऱ्या पाण्यात उतरली. तिथल्या हेझलमियर जहाजाचे कमांडर वॉल्टर फ्लेचर यांनी मदतीसाठी उडी टाकली आणि त्यात त्यांचाही जीव गेला. एमीचा मृतदेह कधीच सापडला नाही. वय होतं अवघं 37.

एटीएने युद्धात 3 लाख 9 हजारांवर विमानं पोचवली. वैमानिकांत 168 स्त्रिया होत्या, आणि 1943 पासून त्यांना पुरुषांइतकाच पगार मिळू लागला. हा सगळा इतिहास मेडनहेड हेरिटेज सेंटरने जपला आहे.

‘जेसन’ लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. मुलांना आपण तो हौसेने दाखवतो. पण विक्रमानंतरही जी निमूटपणे पोचवणीच्या कामाला लागली, ती एमी मला जास्त मोठी वाटते. पुढच्या वेळी रेडिंगला जाल तेव्हा पेपर जरा बाजूला ठेवा आणि डावीकडे बघा.