पन्नासपैकी तीन पास!

मेटलर्जीचा पेपर हा मेकॅनिकलच्या पोरांचा जुना वैरी. आयर्न-कार्बन डायग्राम आदल्या रात्री पाठ करायचा, पेपरात ओकायचा आणि विसरून जायचा, ही आपली थोर परंपरा. म्हणूनच एक माणूस तिशीत, स्वतःचं गॅरेज जोरात चालू असताना, केवळ धातू समजून घ्यायला कॉलेजच्या बाकावर जाऊन बसला हे वाचलं तेव्हा मी चाटच पडलो. त्याचं नाव सोइचिरो होंडा. आपल्या आई-बाबांच्या पिढीला हे नाव 'कायनेटिक होंडा' आणि 'हीरो होंडा'मुळे माहीत. मी आमच्या रेसकार टीममध्ये इंजिनचं काम बघतो, त्यामुळे गोष्ट होंडाची असली तरी नजर इंजिनवाल्याची आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

१७ नोव्हेंबर १९०६ ला जपानमधल्या हामामात्सूजवळच्या एका खेड्यात त्याचा जन्म झाला. वडील लोहार, सायकलीही दुरुस्त करायचे. शाळा संपली तसा १९२२ मध्ये पोरगा टोकियोच्या 'आर्ट शोकाई' या गॅरेजमध्ये उमेदवारीला लागला. सुरुवातीचे काही महिने हातात पान्हा नाहीच, मालकाचं मूल सांभाळायचं काम! पण हे गॅरेज साधंसुधं नव्हतं. तिथे फावल्या वेळात रेसकार बनत. एका मिचेल गाडीच्या चेसिसवर त्यांनी कर्टिस कंपनीचं विमानाचं जुनं इंजिन बसवलं आणि २३ नोव्हेंबर १९२४ ला त्या गाडीनं शर्यत जिंकली. मालकाचा भाऊ गाडी चालवत होता आणि शेजारी मेकॅनिक म्हणून बसला होता जेमतेम अठराचा सोइचिरो.

पुढे १९२८ मध्ये त्यानं हामामात्सूला त्याच गॅरेजची शाखा काढली. धंदा चांगला चालला, पण रेसिंगचा किडा काही जाईना. ७ जून १९३६ ला तामागावा ट्रॅकवर, फोर्डचं सुधारलेलं इंजिन लावलेली गाडी तो स्वतः चालवत होता. दुसऱ्या गाडीशी टक्कर झाली, गाडी उलटली. शेजारी बसलेल्या धाकट्या भावाचं, बेंजिरोचं, पाठीचं हाड मोडलं.

यानंतर त्याच्या डोक्यात शिरली पिस्टन रिंग. आता रिंग म्हणजे काय हो, लोखंडाचं कापलेलं कडं! बघायला सोपं. पण ज्वलनाचा दाब खाली निसटू द्यायचा नाही, भिंतीवरचं जादा तेल खरवडायचं, वर पिस्टनची उष्णता सिलिंडरच्या भिंतीकडे पोचवायची, ही सगळी कामं त्या एका कड्याकडे. मऊ झाली तर झिजते, ठिसूळ झाली तर तुटते आणि तुटताना सिलिंडरवर ओरखडे काढून जाते. होंडा दिवसा गॅरेज आणि रात्री ओतकाम असं करत राहिला. रिंगा काही जमेनात. अनुभव भरपूर होता, हात सराईत होता, पण का बिघडतंय ते कळत नव्हतं. शेवटी हामामात्सूच्या तंत्रशाळेत तपासणी झाली तेव्हा निघालं की ओतीव लोखंडात सिलिकॉन कमी पडतंय. एवढंच! मग हा पठ्ठ्या त्याच शाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाला. जे हवं तेवढंच ऐकायचं, परीक्षांना बसायचंच नाही. डिप्लोमा मिळणार नाही असं कळलं, त्याचंही त्याला काही वाटलं नाही. (हा भाग एचओडी सरांना दाखवून फायदा नाही, मित्रांनो.)

रिंग तयार झाली, कंपनीही उभी राहिली. आणि टोयोटाकडे तपासणीला दिलेल्या पन्नास रिंगांपैकी पास झाल्या तीन. सहा टक्के! एवढ्यावर ग्रेसचे मार्कसुद्धा मिळत नाहीत. मला या माणसाच्या आयुष्यातला हाच टप्पा सगळ्यांत मोठा वाटतो. कारण एक रिंग चांगली बनवणं वेगळं आणि पन्नासच्या पन्नास तशाच बनवणं वेगळं. पुढची सुमारे दोन वर्षं तो देशभरातली विद्यापीठं आणि पोलादाचे कारखाने पालथे घालत फिरला, तेव्हा कुठे त्याचा माल टोयोटाकडे आणि विमानं बनवणाऱ्या नाकाजिमा कंपनीकडे जाऊ लागला.

युद्धात एक कारखाना बॉम्बहल्ल्यात गेला, दुसरा जानेवारी १९४५ च्या भूकंपात पडला. उरलेलं सगळं टोयोटाला विकून तो मोकळा झाला. १९४६ मध्ये लष्कराच्या वायरलेस संचांची छोटी इंजिनं सायकलींना जोडून विकायला लागला आणि २४ सप्टेंबर १९४८ ला होंडा मोटर कंपनी निघाली. पुढच्या वर्षी ताकेओ फुजिसावा येऊन मिळाला. पैसा आणि विक्री त्याची, इंजिन होंडाचं, अशी वाटणी.

१९५४ च्या मार्चमध्ये कंपनी अडचणीत असताना होंडानं जाहीर केलं की आपण आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत उतरणार. जूनमध्ये तो शर्यत बघायला गेला आणि हादरला. तिथल्या मोटरसायकली त्याच्यापेक्षा सुमारे तिप्पट ताकद काढत होत्या. मग? पाच वर्षं तयारी! १९५९ मध्ये १२५ सीसी गटात पहिल्यांदा उतरले तेव्हा सहावा, सातवा, आठवा आणि अकरावा नंबर, शिवाय सांघिक बक्षीस. १९६१ मध्ये १२५ आणि २५० या दोन्ही गटांत पहिले पाचही नंबर होंडाचे.

इथे थोडं आपल्या गाडीकडे वळतो. फॉर्म्युला स्टुडंटमध्ये बऱ्याच टीम होंडाचंच ६०० सीसीचं मोटरसायकल इंजिन वापरत आल्या आहेत. इंजिन भरवशाचं, तरी बेअरिंग जातात. कारण मोटरसायकल वळणावर झुकते, त्यामुळे तेल संपमध्ये तळाशीच राहतं. आपली गाडी झुकत नाही. तेल एका बाजूला चढतं, पंप हवा ओढतो आणि काही सेकंदांत बेअरिंग कोरडं. म्हणून संपमध्ये आडवे पत्रे, म्हणजे बॅफल, बसवायचे. मूळ इंजिनात काही दोष नसतो, आपण त्याला वेगळ्या कामाला जुंपलेलं असतं.

होंडाच्या टीमला ही जाण होती. २४ ऑक्टोबर १९६५ ला मेक्सिको सिटीत, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंचावर, त्यांनी पहिली फॉर्म्युला वन शर्यत जिंकली. विरळ हवेत इंधन किती द्यायचं याचा हिशोब टीमप्रमुख योशिओ नाकामुरानं नीट बसवला होता. तो मूळचा नाकाजिमाचा, विमानाच्या इंजिनांवर काम केलेला माणूस. रिची गिंथर पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत पुढे होता.

आणि मग खुद्द होंडाच चुकला. पाण्यानं थंड होणारं इंजिन शेवटी रेडिएटरमधून हवेनंच थंड होतं, मग मध्ये पाणी कशाला, असा त्याचा हट्ट. ऐकायला बिनतोड! त्यातून हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाची आरए-३०२ ही गाडी बनली. जॉन सर्टीझनं ती चालवून पाहिली आणि शर्यतीसाठी तयार नाही म्हणून नाकारली. तरी ७ जुलै १९६८ ला फ्रान्समध्ये रुआँच्या पावसात ती उतरवलीच. सुरुवातीच्याच फेऱ्यांत गाडी घसरून बांधावर आदळली. टाकी भरलेली, बॉडीत मॅग्नेशियम. चालक जो श्लेसर जळून गेला. त्याच शर्यतीत सर्टीझ होंडाचीच पाण्यानं थंड होणारी गाडी घेऊन दुसरा आला. त्या वर्षअखेरीस कंपनी फॉर्म्युला वनमधून बाहेर पडली.

अपघाताचं कारण इंजिन होतं असं मी म्हणत नाही. पण ज्या माणसानं सत्तेचाळीस नापास रिंगांचं ऐकलं, त्यानं सर्टीझचं ऐकू नये, हे मला फार लागलं. हट्ट तिथेही संपला नाही, १९६९ ची १३०० ही कारसुद्धा त्यानं हवेवरच काढली. तरुण इंजिनिअर वैतागले. अखेर फुजिसावानं त्याला विचारलं, की कंपनीत अध्यक्ष म्हणून राहायचंय की इंजिनिअर म्हणून. होंडानं अध्यक्षपद निवडलं आणि पोरांना पाण्याची परवानगी दिली. त्यातूनच १९७२ चं सीव्हीसीसी इंजिन आलं, अमेरिकेच्या कडक प्रदूषण नियमांत सगळ्यांत आधी बसलेलं.

१९७३ मध्ये होंडा आणि फुजिसावा दोघं एकदमच निवृत्त झाले. ५ ऑगस्ट १९९१ ला होंडा गेला. कंपनीतर्फे मोठा अंत्यविधी करू नका, रस्त्यावर ट्रॅफिक जाम होईल, असं त्यानं आधीच बजावून ठेवलं होतं.