पाय वाचवणारे डॉक्टर : निकोलाय पिरोगोव

मुलांनो, वर्गात कोणाचा हात मोडला की तो पांढरेशुभ्र प्लास्टर मिरवत येतो आणि आपण सारे त्यावर सह्या करतो. पण दोनशे वर्षांपूर्वी गोळी लागून हाडाचा चुरा झाला, की डॉक्टर बहुधा तो हात किंवा पाय कापूनच टाकत. हे बदलण्यासाठी झटणाऱ्यांपैकी एक होते रशियन शल्यविशारद निकोलाय पिरोगोव.

त्यांचा जन्म 1810 साली मॉस्कोत झाला. वडिलांच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याने पैशांची अफरातफर केली आणि भरपाईचा बोजा यांच्या घरावर पडला. निकोलायची शाळा सुटली. तेव्हा ओळखीच्या डॉक्टरांच्या मदतीने तो चौदाव्या वर्षीच मॉस्को विद्यापीठात वैद्यकी शिकू लागला. त्यासाठी कागदावर वय सोळा लावले होते, बरं का! पुढे पंचविशीतच ते प्राध्यापक झाले.

मोडलेले हाड जुळायचे तर त्याची टोके हलता कामा नयेत. आपल्याकडे हाडवैद्य त्यासाठी बांबूच्या कामट्या बांधत. युरोपात खळीत भिजवलेल्या पट्ट्या गुंडाळत. पण खळ वाळायला एक-दोन दिवस लागत आणि तेवढ्यात हाड सरके. एकदा पिरोगोव एका शिल्पकाराच्या कार्यशाळेत गेले. तिथे ओल्या जिप्समने माखलेले कापड बघता बघता कडक होताना त्यांनी पाहिले, आणि त्यांना उपाय सापडला! त्याच सुमारास, 1851-52 मध्ये, हॉलंडचे लष्करी डॉक्टर माथेयसेन यांनीही जिप्समची भुकटी चोळलेल्या पट्ट्या स्वतंत्रपणे तयार केल्या.

यामागचे विज्ञान सोपे आहे. जिप्समच्या दगडात पाणी दडलेले असते. तो भाजला की त्यातले तीन चतुर्थांश पाणी उडून जाते आणि भुकटी उरते. भुकटीत पाणी घातले की ती ते पुन्हा शोषून घेते, तिचे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि काही मिनिटांत ती घट्ट होते. त्या वेळी प्लास्टर कोमट लागते ते यामुळेच.

या शोधाची खरी परीक्षा झाली क्रिमियाच्या युद्धात. 1854 साली पिरोगोव सेव्हास्तोपोलला पोहोचले. जखमींना घोडागाड्यांतून खराब रस्त्यांवरून लांबच्या इस्पितळात न्यावे लागे. प्रत्येक हिसक्याला मोडलेली हाडे एकमेकांवर घासत. पिरोगोव यांनी जाडेभरडे कापड जिप्सममध्ये बुडवून पाय जखडून टाकले. ज्यांचे पाय एरवी कापावे लागले असते, अशा कितीतरी सैनिकांचे पाय वाचले. कोणाला आधी तपासायचे हे ठरवण्यासाठी त्यांनी जखमींचे गटही पाडले. पुढे 1862 मध्ये इटलीचा वीर गॅरिबाल्डी याच्या घोट्यात गोळी अडकली, तेव्हा तपासायला बोलावलेल्यांत पिरोगोवही होते. पाय कापण्याची गरज नाही, असे त्यांनी सांगितले आणि तसेच झाले.

उतारवयात ते आजच्या युक्रेनमधील विनित्साजवळच्या आपल्या गावी राहिले आणि तिथल्या शेतकऱ्यांवर उपचार करत राहिले. 1881 साली तिथेच त्यांचे निधन झाले.

आता मुहर्रकला शेख इसा बिन अली यांचे जुने घर पाहायला गेलात, तर भिंतींवरचे कोरीव काम जरूर बघा. तेही जिप्समचेच आहे. हजारो वर्षे माणूस ज्याने भिंती सजवत आला, त्यानेच मोडलेला पायही सांधता येईल, हे दिसायला मात्र उघडे डोळे लागतात.