छतावर सूर्यमाला मांडणारा आयसे आयसिंगा

दिवाळीच्या सुट्टीआधी आपल्या शाळेत फिरते तारांगण आले होते. पालकांनी ते पाहिले नसेल म्हणून थोडे सांगते. जीपमधून एक मोठे गाठोडे उतरवले, पंखा लावला नि बघता बघता वर्गाएवढा गोल तंबू फुगला. आम्ही वाकून आत गेलो. मधल्या प्रोजेक्टरमधून सगळ्या छतावर आभाळ पडले. संगणकाचे बटण दाबले की ग्रह भराभर फिरायचे. शनीला सूर्याभोवती फिरायला २९ वर्षांहून जास्त लागतात, ती फेरी त्याने एका मिनिटात केली! पण मध्येच लाईट गेली, पंखा थांबला नि तंबू हळूहळू आमच्या डोक्यावर बसला. लहान मुले रडायलाच लागली.

लाईट येईपर्यंत तारांगणवाल्या सरांनी लिंबाखाली बसवून एका माणसाची गोष्ट सांगितली. त्याच्या तारांगणाला लाईट लागतच नाही.

त्याचे नाव आयसे आयसिंगा. नेदरलँड्स देशातल्या द्रोनराइप गावी १७४४ मध्ये त्याचा जन्म झाला. बाप लोकर विंचरायचा, मुलगाही तेच शिकला. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतेच. पण गणिताचे वेड असे, की पोरवयातच तो शिकायला पायी फ्रानेकर गावी जायचा आणि त्याने गणिताची सहाशेहून अधिक पाने लिहून काढली. (मला एक स्वाध्याय लिहायचा कंटाळा येतो.) मोठेपणी तो फ्रानेकरलाच राहिला. तिथे विद्यापीठ होते, पण त्याचे आयुष्य लोकरीतच गेले.

१७७४ च्या मे महिन्यात चंद्र, बुध, शुक्र, मंगळ आणि गुरू आभाळात जवळजवळ दिसणार होते. तिकडच्या एका धर्मगुरूने पुस्तिका छापली, की आता ग्रह एकमेकांना ओढतील, पृथ्वी जागची हलेल आणि सूर्यात जाऊन पडेल. लोक घाबरून गेले.

हे ऐकून मला आजीची आठवण झाली. १९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रही झाली तेव्हा आजी माझ्याएवढी होती. जग बुडणार म्हणून ठिकठिकाणी होमहवन चालले होते. आजी सांगते, की तिच्या आईने सगळ्या पोरांना एकाच गोधडीत झोपवले, मरायचे तर सगळी मिळून. सकाळी नेहमीसारखा कोंबडा आरवला.

फ्रानेकरलाही काहीच झाले नाही. पण लोकांची भीती जावी, ग्रह कसे फिरतात हे त्यांनी डोळ्यांनी बघावे, म्हणून आयसिंगाने राहत्या घराच्या छतावरच सूर्यमाला करायला घेतली, असे सांगतात. दिवसा लोकर नि उरलेल्या वेळात हे काम. अशी सात वर्षे गेली. छत निळे रंगवले, मध्ये सूर्य, भोवती खाचा आणि खाचांतून लोंबणारे सहा ग्रह. माळ्यावर लाकडी चाके. त्यांना दात म्हणून हाताने घडवलेले हजारो खिळे ठोकले. सगळे चालते लंबकाच्या घड्याळावर नि खाली लोंबणाऱ्या वजनांवर. १० लाख किलोमीटरला १ मिलिमीटर असे प्रमाण धरले. म्हणजे सूर्यापासून पृथ्वी १५ सेंटिमीटरवर, आपल्या कंपासमधल्या पट्टीएवढी!

लंबक त्यांच्या झोपायच्या जागेवर आला. तो लांब ठेवला तर अंथरुणात लोंबला असता. त्याची बायको पीत्ये हिने ते चालू दिले नाही, म्हणून त्याला लंबक आखूड करून हिशोब पुन्हा करावा लागला, असे म्हणतात. मला पीत्येचे बरोबर वाटते. घर तिचेही होतेच की.

१७८१ मध्ये काम पुरे झाले. त्याच वर्षी युरेनसचा शोध लागला! तो शनीच्या दुप्पट लांब. छतावर जागाच उरली नव्हती, त्यामुळे तिथे अजूनही सहाच ग्रह आहेत.

पुढे १७८७ मध्ये देशात राजकीय गडबड झाली. आयसिंगा राज्यकर्त्यांच्या विरोधी बाजूचा, म्हणून त्याला घरदार सोडून पळावे लागले. दुसऱ्या वर्षी पीत्ये वारली. त्याने तुरुंगही भोगला. काही वर्षांनी तो परत आला. १८१८ मध्ये खुद्द राजा ते छत बघायला त्याच्या घरी आला आणि १८२५ मध्ये सरकारने ते घर विकत घेतले. १८२८ मध्ये ८४ व्या वर्षी तो वारला.

ते छत अजून चालू आहे. २०२३ मध्ये ते जागतिक वारसा ठरले. साल दाखवणारी फळी मात्र २२ वर्षांनी बदलावी लागते, कारण तिच्यावर तेवढीच साले मावतात.

तंबूतले ग्रह बघायला मजा येते. पण आयसिंगाचे ग्रह आभाळातल्या ग्रहांच्याच चालीने चालतात, ते मला जास्त आवडले. तिथे बघत बसले तर काहीच हललेले दिसत नाही. आयसिंगा वारल्यापासून आभाळातल्या शनीच्या सहाच फेऱ्या पुऱ्या झाल्या आहेत. सातवी चालू आहे.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी