आंबवड्यास विसावलेले गांडेकर घराणे : कै. शंकराजी नारायण सचिव

आपल्या देशस्थ ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबे आपले मूळ गाव कोणते, या प्रश्नापाशी थबकतात. चार-पाच पिढ्यांपलीकडची नावे विस्मृतीत जातात आणि मागे राहते ते केवळ आडनाव. परंतु त्या आडनावातच पूर्वजांच्या प्रवासाची खूण जपलेली असते. भोरचे पंतसचिव घराणे हे याचे ठळक उदाहरण होय. या घराण्याचे मूळ आडनाव गांडेकर. ते गोदातीरी पैठणनजीकच्या गांडापूर गावावरून पडलेले. गोदाकाठ सोडून हे घराणे सह्याद्रीच्या मावळात आले व तेथेच त्याचा उत्कर्ष झाला.

तो उत्कर्ष घडविणारे पुरुष म्हणजे शंकराजी नारायण. १६८९ साली संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला आणि राजाराम महाराजांस जिंजीस जावे लागले. अशा बिकट समयी महाराष्ट्रातील कारभार रामचंद्रपंत अमात्य व शंकराजी नारायण यांनी सांभाळला. मावळातील देशमुखांस वतनांची हमी देऊन स्वराज्याच्या पक्षास बांधून ठेवावे, त्यांच्या साहाय्याने गेलेले किल्ले परत घ्यावेत, हे काम त्यांनी नेटाने केले. राजगडासारखा किल्ला त्यांच्या प्रयत्नाने पुन्हा स्वराज्यात आला. या सेवेचे चीज होऊन १६९७ साली त्यांस सचिवपद मिळाले. भोर संस्थानचा आरंभ तेव्हापासूनच मानितात.

पुढे १७०७ साली औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू महाराज सुटून दक्षिणेत आले आणि स्वराज्यातील प्रत्येक मुत्सद्द्यापुढे धर्मसंकट उभे राहिले. शंकराजींनी ताराबाईंस निष्ठेची शपथ दिलेली होती. इकडे शाहू महाराज थोरल्या धन्याचे नातू. खेडच्या लढाईनंतर शाहू महाराजांचे बोलावणे आले. शपथ मोडावी तर वचनभंग, न जावे तर धन्याचा द्रोह! या पेचात त्यांनी आंबवडे येथे देह ठेवला. कोणी जलसमाधी सांगतात, कोणी विषप्राशन. परंतु वचनापुढे त्यांनी प्राणाची तमा बाळगली नाही, याविषयी दुमत नाही.

मागे पत्नी येसूबाई व अल्पवयी पुत्र नारो शंकर राहिले. घराणे उन्मळून पडावयाचे, परंतु शाहू महाराजांनी थोर मन दाखवून सचिवपद त्या बालकाकडेच कायम केले. येसूबाईंनी धीराने कारभार सांभाळिला. पुढे १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत भोरची गादी या घराण्यात चालली.

आंबवड्यास नागेश्वराचे देवालय आहे आणि शंकराजींची समाधीही तेथेच आहे. कान्होजी जेधे व जिवा महाला यांच्या समाध्याही याच गावी आहेत. तीन भिन्न ज्ञातींचे हे तीन पुरुष एकाच मातीत विसावले आहेत, ही गोष्ट आम्हांस विशेष मननीय वाटते. गांडापूरने या घराण्यास नाव दिले, परंतु मावळात त्याचे मूळ रुजले ते शंकराजींच्या सेवेने व त्यागाने. पूर्वज कोठून आले याइतकेच ते कोठे व कशासाठी झिजले, हेही वंशावळीत लिहिले पाहिजे.

यास्तव ज्ञातिबांधवांस आमची विनंती की, घरातील वडीलधाऱ्या मंडळींकडून कुलदैवत, गोत्र व मूळ गाव विचारून टिपून ठेवावे. नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांची नावे शोधावी. आणि माहेरवाशिणी व सुनांची नावेही त्यांत आवर्जून घालावी. येसूबाईंसारख्या स्त्रिया नसत्या तर कित्येक घराण्यांची वंशावळ पुढे चाललीच नसती.