कै. डॉ. रुस्तम जाल वकील

दंडास पट्टा गुंडाळून रबरी फुगा दाबणारे डॉक्टर आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिले असतीलच. रत्नागिरींतील कित्येक घरांत आजीआजोबांसाठीं तें यंत्र आतां कपाटांतही असतें. याच यंत्राच्या साहाय्यानें मुंबईच्या एका डॉक्टरांनीं एका भारतीय वनस्पतीची कीर्ति जगभर नेली. त्यांची हकीकत येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रुस्तम जाल वकील यांचा जन्म सन १९११ मध्यें एका पारशी कुटुंबांत झाला. वैद्यकाचें शिक्षण त्यांनीं लंडन येथें घेतलें. पुढें ते स्वदेशीं परतले व मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत हृद्रोगाचे तज्ज्ञ म्हणून नांवारूपास आले.

त्या काळीं वाढलेल्या रक्तदाबावर खात्रीचें औषध नव्हतें. सर्पगंधेचीं मुळें आपले वैद्य निद्रानाश, उन्माद इत्यादि विकारांवर पिढ्यानपिढ्या देत आले होते; हें झुडूप सह्याद्रींतही उगवतें. तिच्या योगें रक्तदाब उतरतो, असें डॉ. गणनाथ सेन व डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ मध्यें प्रसिद्धही केलें होतें. परंतु जुनें म्हणून मानणें किंवा जुनें म्हणून टाकणें, हे दोन्ही सोपे मार्ग सोडून वकिलांनीं मोजून पाहण्याचा मार्ग धरला.

आणि मोजणें दिसतें तितकें सोपें नाहीं. रोगी जिना चढून आला, बोलूं लागला किंवा भ्याला, कीं आंकडा वाढतो. म्हणून त्यानें प्रथम पांच मिनिटें पाठ टेकून स्वस्थ बसावें. दंड उघडा व हृदयाच्या उंचीवर असावा. पट्टा दंडाच्या मानानें अरुंद असल्यास दाब उगाच अधिक दिसतो. मनगटाची नाडी लागेनाशी झाल्यावर पारा आणखी थोडा वर चढवावा, आणि सेकंदास दोन-तीन मिलिमीटर या बेतानें हवा सोडावी. कोपराच्या खळगींत ठेवलेल्या स्टेथोस्कोपांतून पहिला ठोका ऐकूं येतो तो वरचा दाब. ठोके नाहींसे होतात तो खालचा. ही युक्ति रशियन शल्यवैद्य कोरोत्कोव्ह यांनीं १९०५ मध्यें दाखविली. यंत्रही निर्दोष हवें. हवा सोडल्यावर पारा अगर कांटा शून्यावर यावा, नळीस चीर नसावी, पट्ट्यांतून हवा झिरपूं नये. कांट्याचें यंत्र वर्षांतून एकदां तरी तपासून घ्यावें.

अशा मोजणीच्या आधारें वकिलांनीं पन्नास रोग्यांवरील प्रयोगाचा वृत्तांत १९४९ मध्यें ब्रिटिश हार्ट जर्नलमध्यें प्रसिद्ध केला. बहुतेकांचा दाब उतरला होता. तो वाचून परदेशांतील डॉक्टर जागे झाले. १९५२ मध्यें स्विस संशोधकांनीं त्या मुळांतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढलें. १९५७ मध्यें वकिलांस अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक मिळालें व पुढील वर्षीं पद्मभूषण लाभलें. १९७४ मध्यें त्यांचें निधन झालें.

त्या औषधानें कांहीं रोग्यांचें मन खिन्न होतें, असें पुढें आढळलें. अधिक चांगलीं औषधें निघालीं, आणि आज तें क्वचितच देतात. हा दोषही नोंदी ठेवल्यामुळेंच उघडकीस आला, हें विसरतां कामा नये.

आजीचा रक्तदाब मोजणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस इतकेंच सांगणें आहे : एका आंकड्यानें भिऊं नये व निर्धास्तही होऊं नये. थोड्या अंतरानें दोनदां मोजावें. तिला बरें वाटावें म्हणून आंकडा कमी करून सांगूं नये. दिसला तोच वहींत लिहावा, आणि ती वही डॉक्टरांस दाखवावी.